घराच्या मागची रेघ

कोपरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ विमानातून काढलेले जुने-नवे फोटो एकमेकांवर ठेवून किनारा किती सरकला ते मोजतात. त्यांचे साहेब परिषदांत शाल पांघरून त्याला ‘किनाऱ्याचं परिवर्तन’ म्हणतात. हे नुसतं ‘गेलं’ किंवा ‘आलं’ म्हणतात. जिन्यात खुशाली विचारली तरी उत्तर तसंच, “आहे तेवढं आहे.”

एका रविवारी त्यांनी मला स्क्रीनवर त्यांचं कोकणातलं घर दाखवलं. जुन्या फोटोत घरापुढे माडांच्या रांगा होत्या आणि पुढे रुंद वाळू. नव्यात चिंचोळं अंगण, की लगेच पाणी. तेवढ्यात त्याच घरातून त्यांच्या आईचा फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

“अरे, पुढल्या अंगणात माडाची रोपं लावू का? तुझ्या पोरांना शहाळी होतील.”

“लाव गं आई. जरा दाट लाव.”

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “अहो, पण माड धरायच्या आधीच...”

“माहितेय. ती घर सोडून इथे येत नाही. सकाळी उठून पाणी घालायला काहीतरी हवं ना तिला.”

मग पुढच्या फोटोत किनारा कुठे असेल ते दाखवायला त्यांनी बोट सरकवलं. ते घराच्या मागे जाऊन थांबलं.