अमावस्या दुपारी संपते

अंधश्रद्धेशी तडजोड नाही, हे तत्त्व मी आयुष्यभर पाळत आलो आहे. मांजर आडवं गेलं तरी मी थांबत नाही, शनिवारी नखं कापतो, आणि आमच्या घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर फक्त गॅसचं सिलिंडर कधी लावलं ते लिहून ठेवण्यासाठी आहे. या तत्त्वाची कसोटी कधीतरी मोठ्या प्रसंगी लागेल अशी माझी कल्पना होती. ती मुलीच्या वाढदिवसाला लागली.

मुलगी नऊ वर्षांची होणार होती आणि तिला जादूगारांची पार्टी हवी होती. टोकदार टोप्या, जादूच्या छड्या, उडायचे झाडू. एरवी मी केक-समोशांवर भागवलं असतं. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात तेवढ्यावर भागतंही. पण या वर्षी तिची शाळा बदलली होती आणि अर्धं वर्ष उलटलं तरी डबा ती एकटीच खात होती. एकदा सहज विचारलं तर म्हणाली, "सबके अपने-अपने ग्रुप हैं, पापा. मेरा अभी बना नहीं." घरात आम्ही मराठी बोलतो, पण मन लागत नसलं की ती हिंदीत बोलते. तिने सगळ्या वर्गाला बोलवायचं ठरवलं. जादूगारांची पार्टी त्या वर्गात अजून कोणी दिली नव्हती, एवढाच तिचा हिशेब होता.

मग मीही पेटलो. काळे कार्डशीट आणून टोप्या वळल्या. बांबूच्या कामट्या घासून छड्या केल्या. गोकर्णीची फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी निळं होतं आणि लिंबू पिळलं की जांभळं-गुलाबी होतं, हे मी वाचलं होतं. करून पाहिलं तर खरंच झालं. त्या दिवशी मी ते पाणी तीनदा केलं. बायको म्हणाली, "अहो, पार्टी तिची आहे ना?"

निमंत्रणही मीच लिहिलं. थाटामाटाच्या निमंत्रणपत्रिकांची मला चीड आहे, म्हणून त्यांची नक्कल करत हिंदीत लिहिलं आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं: 'अँधेरा होने के बाद, काले वस्त्रों में, अपने बालक को हमारे यहाँ गुप्त विद्या सीखने भेजें. वह जैसा आएगा, वैसा लौटेगा नहीं.' शेवटचं वाक्य मला विशेष आवडलं होतं.

ग्रुपवर शांतता पसरली. एरवी त्या ग्रुपवर सकाळी सहापासून फुलांची चित्रं येतात, गृहपाठाचं पान हरवलं की दहा जणी दहा फोटो पाठवतात. माझ्या निमंत्रणाखाली मात्र काही नाही. सगळ्यांनी वाचलं होतं, ते दिसत होतं. ऑफिसात मी फाइल उघडायचो आणि फोन बघायचो, फाइल मिटायचो आणि फोन बघायचो. साहेबांनी विचारलं, घरी कोणी आजारी आहे का. संध्याकाळी स्कूटर लावायच्या आत मुलगी फाटकात येऊन उभी.

"किसी ने हाँ बोला?"

"बोलेंगे, बेटा."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच नाही. फाटकात आलीही नाही. आत बसून एका टोपीला चांदण्या चिकटवत होती, आणि चिकटवलेल्या काढून पुन्हा चिकटवत होती.

त्याच संध्याकाळी कटंगीहून ताई आली. ताई माझी मोठी बहीण. तिचं घर शेतकऱ्याचं, नुकतंच धान झोडून झालेलं. झाडूंचा प्रश्न मी तिला आधीच फोनवर सांगितला होता, कारण झाडूवर पोरांना बसवायचं म्हटल्यावर बायकोनेच हात वर केले होते. झाडू म्हणजे लक्ष्मी, तिला पाय लागला तर आपण उचलून कपाळाला लावतो, आणि इथे तर सगळा वर्ग तिच्यावर स्वार होणार. ताईने यावर उपाय आणला होता: पोतंभर तणस, म्हणजे भाताचा पेंढा. धानाचं तणस बांबूच्या काठीला बांधायचं.

"पण दिसायला तर झाडूच की," मी म्हणालो.

"दिसू दे ना. यानं कोनी झाडलं हाय का? झाडल्याशिवाय काहाचा झाडू?" ताई म्हणाली. "बसमंदी कंडक्टर म्हने, बाई, गाय कुठी हाय?"

पाणी पिऊन तिने भाचीचं तोंड पाहिलं आणि माझ्याकडे वळली. "पोरगी काहून अशी बसली?"

मी फोन तिच्या हातात दिला. तिने निमंत्रण वाचलं, चष्मा काढून पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि वाढदिवसाच्या तारखेवर बोट ठेवलं. बोटाखाली पुढचं सिलिंडर कधी लागेल त्या अंदाजाची नोंद होती आणि नोंदीखाली भरीव काळा गोल.

"अमावस्या हाय ना रे!"

मी गोल बोटाने पुसून पाहिला, पण तो छापलेला होता.

"अमावस्येच्या राती, अंधार पडल्यावर, काळे कपडे घालून पोराइले धाडा, अन् जसे आले तसे परत जानार नाहीत," ताई एकेक शब्द वेगळा करून म्हणाली. "वरून लिंबू बी कापनार हायेस. अरे, मी तिची सख्खी आत्या. मी बी माहं पोरगं धाडलं नसतं."

"लोक अजून हे मानतात?"

"तू नको मानू. पोरगी एकटी बसंल, तिले सांग का बाप शिकलेला हाय."

यावर मी बाहेर जाऊन फाटकाची कडी दुरुस्त केली. ती बिघडलेली नव्हती.

परत आलो तेव्हा ताई तणस बांधत बसली होती. वाढदिवस दुसऱ्या दिवशी करता येईल का, असं मी विचारलं. मुलगी आतून म्हणाली, "मेरा बर्थडे उसी दिन है." प्रश्न संपला.

"मंग असं कर," ताई म्हणाली. "टाइम बदल. चार वाजता बोलाव, उजेडात. अन् लिही का अमावस्या दुपारीच सरते."

"सरते का?"

"तू लिही."

"ताई, खरंच सरते का?"

"तू मानतच नाहीस ना? मंग ते सरो का राहो, तुले काय करायचं हाय?"

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तिथी संपायची वेळ बारीक अक्षरात छापलेली असते. दोन पावलं टाकून पान उलटलं असतं तर कळलं असतं. मी उलटलं नाही. ग्रुपवर लिहिलं: 'समय में परिवर्तन. कार्यक्रम शाम चार बजे, उजाले में. अमावस्या दोपहर में ही समाप्त हो रही है. कपड़े किसी भी रंग के चलेंगे.'

पहिला अंगठा मिनिटभरात आला. मग दुसरा. मग एकीने फुलांचं चित्र टाकलं. मी ते मुलीला नेऊन दाखवलं. तिने एक चांदणी चिकटवली आणि ती तशीच ठेवली.

पण अंगठा म्हणजे मूल नव्हे. वाढदिवशी चार वाजले, कोणी आलं नाही. मी टोप्या ओळीत लावल्या, मग आकाराप्रमाणे लावल्या, मग पुन्हा ओळीत. मुलगी टोपी घालून फाटकाशी उभी, हातात तणसाचा झाडू. रस्त्याने एक स्कूटर आली, तिने झाडू सावरला. स्कूटर पुढे गेली. ताई म्हणाली, "येतीन. आपल्याकडे चारचं म्हनजे पाचचं." हे मलाही ठाऊक होतं, पण नऊ वर्षांच्या मुलीला ते सांगून काय उपयोग.

पाचच्या सुमारास आले, आणि सगळे एकदमच आले. एकेकटं यायची कोणाची हिंमत नसावी, कोपऱ्यावर जमून आले होते. दहा मिनिटांत अंगणभर तणस झालं. मग मी मोठ्या ऐटीत निळं पाणी आणलं आणि लिंबू कापलं, आणि झाडू जागच्या जागी थांबले. एक मुलगी मागे सरकत म्हणाली, "मम्मी ने बोला है, वहाँ नींबू मत छूना."

मी गोकर्णीच्या फुलांचं शास्त्र सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ताई पुढे आली. तिने फोड उचलली, ग्लासात पिळली, पाणी गुलाबी झालं, आणि सगळ्यांसमोर एका दमात तिने ग्लास रिकामा केला. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "साखर कमी हाय."

दुसऱ्या क्षणाला ग्लासांसाठी मारामारी सुरू झाली. शास्त्र सांगायचं राहून गेलं. मागे सरकलेली ती मुलगी आणि माझी मुलगी एकाच झाडूवर बसून घराला चकरा मारत होत्या, आणि पुढे कोणी बसायचं यावर कडाकडा भांडत होत्या. इतक्या दिवसांत तिला मी भांडताना पाहिलं नव्हतं.

अंधार पडायच्या आत पालक न्यायला आले. त्या लिंबूवाल्या मुलीची आई फाटकाशी थांबली.

"कैलेंडर हमारे घर भी है, भाईसाहब," ती हळूच म्हणाली. "अमावस्या तो कल सुबह तक है."

"फिर आपने भेजा कैसे?"

"आपने लिखकर दिया था ना. इतने पढ़े-लिखे आदमी हैं. अब जो होगा, आपके ऊपर." मग लेकीच्या केसांतलं तणस काढत म्हणाली, "दो दिन से रो रही थी, आना है, आना है. हमें बस किसी का लिखा हुआ चाहिए था."

सोमवारी मुलीने डबा नेला आणि घरी येऊन बजावलं की उद्यापासून दोन पोळ्या जास्त हव्यात, तिची मैत्रीण घरून भातच आणते.

त्यानंतर ग्रुपवर एकीने विचारलं, सहल गुरुवारी आहे, तिथी कशी आहे. कोणीतरी माझं नाव सुचवलं. मी कॅलेंडर उलटून उत्तर दिलं. सध्या ग्रुपवर तिथी सांगायचं काम माझ्याकडे आहे.