बंबातली राख आणि नातीची ब्लूबेरी

ये बाई, निदान हे पत्र वाचताना तरी जवळ बस. फोनवर तुला सदा घाई. दिवाळीला पुण्याहून आलीस ती मांडीवर कुंडी घेऊन. "आजी, ही ब्लूबेरी. माझ्या खोलीत ऊन नाही, तुझ्याकडं अंगण आहे. हिला आंबट माती लागते, तेवढं बघ," जाताना एवढंच म्हणालीस आणि रिक्षात बसलीस. माती आंबट म्हणजे काय गं? चाखून बघायची? असं अर्धं सांगून कुणी जातं का?

मी आपलं 'बरं' म्हटलं. आपल्याकडं आंघोळीच्या पाण्याचा बंब रोज पेटतो. त्यातली राख दर शनिवारी झाडांना जाते, तुळशीला, मोगऱ्याला, सगळ्यांना मूठमूठ. सासूबाईंपासून चालत आलंय. तुझ्या कुंडीलाही घातली. नवीन म्हणून जरा जास्तच.

महिन्याभरात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मला वाटलं, भुकेली असेल. आणखी राख घातली. तर कडेची पानं करपायला लागली. मला काही कळेना. ज्या राखेनं मोगरा फुलतो तिनं हिचं का बिघडावं?

शेजारच्या जाऊबाई कुंपणावरून बघून म्हणाल्या, "पावणं हाय ते. आपलं जेवाण न्हाय पचत त्याला. टाक काढून."

"टाकू कशी? नातीचं हाय."

"मग नातीला इचार की."

"इचारलं तर मी काय केलं ते सांगाय लागंल."

आणि तुझा फोन आला की मी म्हणायची, छान आहे. खोटं बोलत होते. तू विश्वासानं ठेवलेलं रोप माझ्या हातानं मरतंय, हे सांगायला जीभ उचलेना.

शेवटी कुंडी पिशवीत घालून पेठ वडगावच्या रोपवाटिकेत गेले. तिथल्या माणसानं माती चिमटीत धरली. "आज्जी, राख घातलीसा काय?"

"व्हय."

"राखंनं मातीचा आंबटपणा मरतोय की."

"मग ताक घालू? कढीपत्त्याला घालतो आमी."

"नगा. मुंग्या लागतील." तो हसला, मी नाही. त्यानं सगळी माती बदलली, नारळाचा भुसा आणि माती आंबट व्हायला थोडं गंधक घातलं. बोअरचं पाणी क्षाराचं, तेही बंद करायला सांगितलं.

हिरवी पानं आली. हुश्श म्हणेपर्यंत थंडीत तीच लाल झाली. तुला फोटो पाठवला, तू नुसता अंगठा पाठवलास. त्यातून मी काय समजायचं? बरी आहे की गेली?

मग घंटीसारखी पांढरी फुलं आली, आणि आता पाच फळं धरलीत. त्यातलं एक निळं झालं, वर पांढरी पूड. जाऊबाई म्हणाल्या, भुरी पडली. मी पदरानं पुसलं, तर खाली काळंभोर चकचकीत. रोग होता की रंग, देव जाणे. पिकलं म्हणून तोडावं, की कच्चं म्हणून थांबावं? बाकीच्या चार फळांना मी हातच लावलेला नाही. यावेळी विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असं ठरवलंय.

राखेचं तुला समोर बसवून सांगणार होते, ते इथंच लिहून टाकलं. रागावायचं असेल तर इथं येऊन रागव. बुलबुल दोन दिवस झाले कुंडीभोवती घिरट्या घालतायत, मी जुनी साडी बांधलीय. पण किती दिवस राखू? या रविवारी ये. पहिलं फळ तूच तोड.