पुलापासून दारापर्यंत

काचवाल्याला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मत्सर जडला, आणि तोही चार टायरांचा.

टायर होते धाकट्या भावाच्या पिकअपचे. जाड, खोल खाचांचे, डांबर-माती-दगड कशावरही चालणारे. धाकटा खाणीवरून खडी वाहतो, त्याला ते लागतातच. हे काचवाल्याला कळत होतं. कळून उपयोग काय? पोटात दुखायचं ते दुखतच होतं.

कारण आई. ती टेकडीवर एकटी राहते, हट्टाने. रस्ता ओढ्यावरच्या पुलापर्यंत पक्का, पुढे किलोमीटरभर चढ, दगड आणि चिखल. काचवाल्याची पिकअप पुलाशीच राहायची आणि तो धापा टाकत चालत वर जायचा. धाकटा मात्र थेट दारात. वर आई दर रविवारी थोरल्यालाच ऐकवायची, "धाकट्याची गाडी काय चढते रे! अगदी पायरीला लागते." ती पायरी काचवाल्याच्या घशात अडकून बसली होती.

त्यात आईचे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस नुसता आकार दिसायचा. एका डोळ्याचं ऑपरेशन शुक्रवारी ठरलं. आईने फोनवर सांगून टाकलं, "माझे गुडघे तो उतार उतरायचे नाहीत. ज्याची गाडी दारात येईल त्याच्याबरोबर जाईन."

म्हणजे धाकट्याबरोबर. ज्याला लहानपणी याने खांद्यावर बसवून फिरवलं, तो आता आईला दवाखान्यात नेणार आणि हा मागून डबा घेऊन जाणार! काचवाल्याची झोप उडाली.

सोमवारी तो टायरवालीकडे गेला. दुकान तिचंच, नखं कायमची काळी, बोलणं रोखठोक.

"रोजचं डांबर किती, माती किती?" तिने विचारलं.

"मातीच जास्त." धडधडीत खोटं.

तिने वाकून त्याच्या जुन्या टायरवरून बोट फिरवलं. "दादा, यांनी माती पाहिलेलीच नाही. एक ओरखडा नाही, खाचेत एक खडा नाही. शहरात काचा पोचवता ना? मग हे मधले घ्या. आठवड्यातून एकदा चिखल लागला तरी हे सहज चालतील आणि रस्त्यावर आवाजही नाही."

"धाकट्याने कुठले नेले?"

"त्याच्या गाडीत खडी असते. तुमच्या गाडीत आरसे."

"कुठले नेले ते सांगा."

तिने भिंतीशी रचलेल्या ढिगाकडे हनुवटीने दाखवलं. "ते. पण डांबरावर घुमतात, सांगून ठेवते. गाडी ताठ होईल, काचांना हादरे बसतील."

"काचा माझ्या आहेत."

"आणि कानही तुमचेच," म्हणत तिने जॅक लावला.

घरी बायकोने गाडीभोवती एक चक्कर मारली. "भावजींची चाकं काढून आणलीत की काय?"

"माझी आहेत."

"आणि काचा?"

"खाली गादी घालीन."

"काचांना गादी! मी चार वर्षं गादी बदला म्हणतेय, मला नाही मिळाली ती."

मंगळवारी गादी असूनही एका आरशाचा कोपरा उडाला. काचवाल्याने तो मुकाट्याने बदलून दिला. शुक्रवारपुढे आरशाचं काय एवढं?

बुधवारी तो रंगीत तालीम करायला टेकडीवर निघाला. पुलापर्यंत टायर मोठ्याने घुमत होते, पुढे चिखलात गाडी एकदाही घसरली नाही. दारात पायरीला लावली तेव्हा त्याची छाती वीतभर फुगली होती.

आतून आईची हाक आली. "धाकट्या, आलास का? खालच्या रस्त्यावरच आवाज ओळखला मी."

काचवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बोलायला हवं होतं. पण मत्सर माणसाला काय करायला लावील सांगता येत नाही. तो गप्प उभा राहिला. म्हटलं, ऐकू तरी धाकट्याशी काय गुलूगुलू बोलते ती.

आई भिंतीला धरत दाराशी आली. "इंजिन चालूच असेल तर तसाच जा, मला त्याची सवय आहे. एवढं मात्र ऐक. शुक्रवारी थोरल्याला बरोबर आण. गाडी तुझी, पण हात मला त्याचा हवा. तो बिचारा चालत येतो. दमलेला असतो, मग तास-दोन तास बसतो तरी. गाडीवाला दारात येतो आणि दारातूनच जातो."

"आई, मीच आहे. थोरला."

"धापा टाकत नाहीस ते?"

"गाडीने आलो. धाकट्यासारखे टायर घेतले."

"अस्सं," आई म्हणाली. "म्हणजे आता तूही लवकर जाणार."

"छे! दोन तास बसणार आहे." तो ठाण मांडून बसला. आईने चहा ठेवला. विसाव्या मिनिटाला फोन वाजला, काच फुटून एका गिऱ्हाईकाची खिडकी उघडी पडली होती. एरवी तो म्हणाला असता, खाली पोचायलाच वेळ लागेल. आता गाडी दारातच होती. काही सबब उरली नव्हती. तो उठला. आईने चाचपत त्याचा अर्धा कप उचलला. तेच जास्त लागलं. उतारावर त्याला वाटलं, गेल्या रविवारी चालत आलेला तो कोण माणूस, त्याचं किती बरं चाललं होतं!

शुक्रवारी त्याने गाडी पुलाशी लावली आणि चालत वर गेला. मागून धाकटा धडधडत आला.

"दादा, एवढे टायर घालून गाडी खाली का?"

"चिखल लागेल म्हणून."

धाकट्याला काही कळेना. दवाखान्यापर्यंत पुढच्या सीटवर तिघं दाटीने बसले आणि सगळा रस्ता आईचा हात थोरल्याच्या हातात होता. धाकटा समोर रस्त्याकडे कमी आणि त्या हाताकडे जास्त बघत होता. काचवाल्याने ते पाहिलं आणि, खरं सांगायचं तर, हात आणखी घट्ट धरला.

ऑपरेशन छान झालं. पुढच्या रविवारी काचवाला नेहमीच्या वेळेला पुलाशी पोचला, तर तिथे धाकट्याची पिकअप उभी. रिकामी. चिखलात वर जाणारी ताजी पावलं.

काचवाल्याने तिच्या बॉनेटवर तळहात टेकवला. अजून गरम होतं. म्हणजे फार पुढे गेला नसणार.

त्याने चपला हातात घेतल्या आणि चौपन्नाव्या वर्षी तो चढ पळत चढायला लागला.