ट्रकला "हो, हो" म्हणणारे काका

वरूडच्या संत्र्याच्या गोदामासमोर मी मोर्चाची पत्रकं वाटत होतो, तेव्हा ते काका ट्रकची परीक्षा देत होते. बारा वर्षांपूर्वी ड्रायव्हरकी सोडून त्यांनी बैलजोडी घेतली आणि संत्र्याची बाग लावली होती. बाग वाळली. कोणाच्या धोरणामुळे वाळली, ते माझ्या पत्रकात सविस्तर आहे. आता पन्नाशी उलटल्यावर ते पुन्हा ट्रक मागायला आले होते. मालकाची अट एकच: ट्रक मागे घेऊन भिंतीला नीट लावला, तरच नोकरी.

काकांनी आरशात मिशी नीट केली, रिव्हर्स टाकला आणि भिंत जवळ येताच ओरडले, "हो, हो, हो!" बैल थांबले असते. ट्रक रिकाम्या क्रेटच्या थप्पीत घुसला.

"काका, ट्रक चालवून राहिले का बैलगाडी?" मालक ओरडला.

"बारा वर्षं ज्याले हो म्हटलं तो थांबत होता, शेठ. आणखी एक डाव द्या."

मी तावातावानं व्यवस्थेवर बोलायला लागलो.

"तू आधी बाजूले सरक, बाबू," काका म्हणाले. "चाकाखाली येशीन."

दुसऱ्या वेळी त्यांनी दुपट्टा दातांत घट्ट धरला. डोळे बाहेर आले, पण आवाज निघाला नाही. पाय ब्रेकवर गेला आणि ट्रक भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबला.

"उद्या अकोल्याची गाडी तुमची," मालक म्हणाला.

काकांनी उतरून माझ्या पाठीवर थाप मारली. "तोंड बंद ठेवलं तं काम होते, बाबू."

घोषणा देणाऱ्याला हा उपदेश! खोडून काढायला माझ्याकडे सात मुद्दे होते. पण काका इतके खूश होते, की मी एकही काढला नाही.