पुडीची चौथी घडी

चाळीस वर्षं एकाच डॉक्टरांकडे कंपाउंडर असलेल्या या गृहस्थांना सगळे पुडीकाका म्हणत. कागदाला तीन घड्या घालून चौथी ते उलटी वळवत आणि टोक आत खोचत, प्रयोग रंगल्यावर पडदा पडावा तशा एका झोकात. पुडी जिन्यावरून गडगडली तरी उघडत नसे. गोळीचे ब्लेडने असे दोन भाग करत की मोठा कुठला, हे सांगता येऊ नये.

घरी या कलेला रोजचे प्रयोग होते. शिवणाचा पत्र्याचा डबा होता, त्यात दोरे सोडून सगळं असे. बायकोची, म्हणजे घरच्या आजीची, झोपेची गोळी, सुनेची डोकेदुखीची, मुलाची मीटिंगआधी घ्यायची. एकाची संपली की दुसऱ्याची अर्धी. पाहुणा नुसता गप्प बसला तरी आजी विचारत, "अर्धी देऊ का?"

घर व्यसनांच्या सक्त विरोधात होतं. कोपऱ्यावर पोरं सिगारेट ओढताना दिसली की खिडकी लावून घेतली जाई.

एका दुपारी नातीच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी पुडीकाकांना जाणकार म्हणून बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. परीक्षेत तीन मुली पेपरवर डोकं टेकून झोपल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या, शाळेच्या शिपायाच्या मुलीच्या, कंपासमध्ये पुडी सापडली होती.

"कसली गोळी आहे तेवढं सांगा," बाई म्हणाल्या. "तिला काढून टाकायचंय, कागदावर कारण हवं. कुणी दिली ते सांगत नाही. घरचं वातावरण, दुसरं काय. बाप पितो."

बाप दाराशीच उभा होता. तो फरशीकडे बघत राहिला.

पुडीकाकांनी पुडी उचलली. उघडायची गरज पडली नाही. चौथी घडी उलटी होती. टोक मात्र जरा जाड खोचलेलं, शिकाऊ हाताचं. नात सहा वर्षांची असताना साखरेची पुडी बांधायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. पहिल्या पुडीला अख्ख्या घराने टाळ्या वाजवल्या होत्या.

'झोपेची' एवढं म्हणून ते उठू शकले असते. चहाही पिऊन झाला होता.

"गोळी आमच्या घरची," ते म्हणाले. "कापली मी, वाटली माझ्या नातीनं. कागदावरून या मुलीचं नाव काढा."

"खात्री आहे तुमची?"

"चाळीस वर्षं दुसरं काही केलं नाही, बाई."

नातीला वर्गातून बोलावलं. पंधरा वर्षांची, वेणी घट्ट, हात पाठीमागे.

"कुणाच्या नादानं सुरू केलंस हे?" बाईंनी विचारलं.

"कुणाच्या नाही. पेपरच्या भीतीनं हात कापत होते, तर आजीनं अर्धी दिली. मग मैत्रिणींचेही कापायला लागले. आपण देतोच ना, आजोबा, कुणाला बरं नसलं की."

"आणि तू स्वतः?" बाईंनी विचारलं.

"मी रोज घेते. दोन महिने झाले. नाही घेतली की जास्त कापतात." तिने हात पुढे करून दाखवले. कापत होते.

बाईंनी जुना कागद फाडला. नव्यावर लिहिलं, डॉक्टरांचं पत्र आणल्याशिवाय नातीला वर्गात घेऊ नये. पुडीकाका दारातल्या शिपायापाशी थांबले. "चुकलं आमचं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या दवाखान्यात पुडीकाकांची हयात गेली, तिथल्या बाकावर अख्खं घर ओळीने बसलं. डबा त्यांच्या मांडीवर होता.

डॉक्टरांनी दार उघडून विचारलं, "पेशंट कोण?"

"आधी नात," पुडीकाका म्हणाले. "मग वयानुसार घ्या."

नात अर्ध्या तासाने बाहेर आली. औषध हळूहळू कमी करायचं होतं, एकदम बंद नाही, आणि दर आठवड्याला येऊन बोलायचं होतं. आता पाळी आजीची. कधी नव्हे ते आजीचे हात कापत होते. नातीने सवयीने खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. तोच हात तिने आजीच्या हातात दिला.

"पुढचा," आतून डॉक्टर म्हणाले. दोघी उठल्या.