उसने निखारे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोळशाच्या इस्त्रीचं टेबल मांडून बसणाऱ्या गृहस्थांना सगळे कडकनाना म्हणत. कॉलर कडक, स्वभाव त्याहून कडक. बापाचा शर्ट आणि पुढे लेकाचाही शर्ट त्यांच्याच टेबलावर इस्त्री झालेला, त्यामुळे ते कुणालाही ऐकवत.

"नाना, बटण तुटलंय."

"बायकोला सांग. मी शिंपी नाही."

मग समोरच्या बंद दुकानाच्या पायरीशी एका तरुणाने टेबल मांडलं. तो पुलापलीकडचा. पलीकडच्यांना आमच्याकडे कुणी भाड्याने जागा देत नसे. कुणाची बादली हरवली तरी पहिलं बोट त्यांच्याकडे. याला खोली कुणी दिली नाही, शर्ट मात्र सगळ्यांनी दिले. त्याचा हातच तसा होता.

नानांच्या अंगाचा तिळपापड होई. दिवसभर ते समोर बघत बसत, आणि बघता बघता एखादी बाही करपत असे.

"नाना, राग नका मानू," न्हावी एकदा म्हणाला, "पण त्याने केलेली घडी मोडावीशीच वाटत नाही."

"मग मोडू नकोस. उघडा हिंड."

चहाच्या दुकानात भर गर्दीत नानांनी जाहीर करून टाकलं, "त्याचा पाय माझ्या पायरीला लागला, तर माझं नाव बदलून ठेवा." लोकांना ते फार आवडलं.

एके दिवशी वखारवाल्याने त्या तरुणाला ओला कोळसा दिला. दुपारी वखारीच्या दारात दोघांची चांगलीच जुंपली. निम्म्या गल्लीने ते भांडण ऐकलं. दिवेलागणीच्या सुमारास नानी बहिणीकडे गेल्या होत्या, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि तो तरुण घमेलं आणि इस्त्री घेऊन नानांच्या दारात उभा राहिला.

"नाना, कोळसा पेटत नाही. चार निखारे द्याल? कपडे उद्याचे आहेत."

नाना हाकलणारच होते. पण त्याचा हात जवळून बघायची संधी परत कधी आली असती? त्यांनी दार लोटून घेतलं, निखारे थेट त्याच्या इस्त्रीत भरले आणि एक शर्ट पुढे टाकला. "तापली की कर बघू हा."

त्याने कॉलर दोन्ही टोकांकडून मधे आणली. नाना जन्मभर मधून टोकाकडे जात आले होते, आणि टोकाशी चुणी राहायचीच. त्यांनी त्याला आणखी एक शर्ट करायला लावला. मग आणखी एक. जेवणवेळ होऊन नानी परतायची वेळ झाली, तेव्हा कुठे त्याला सोडलं.

सकाळी कोळशाच्या ढिगामागे वखारवाला सापडला. डोकं फुटलेलं. दिवेलागणीला तो आपल्या मुलीशी बोलला होता. जेवायला हाक मारली तेव्हा ओ आली नव्हती. पोलिसांना फार शोधावं लागलं नाही. भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं आणि माणूस पलीकडचा होता.

"मी नानांच्या घरात होतो," तो भर गल्लीत म्हणाला.

सगळे हसले. "नानांच्या घरात? हा?" न्हावी तर डोळे पुसू लागला. फौजदार साहेबांनी नानांकडे पाहिलं. तरुणानेही पाहिलं. नानांनी इस्त्री उचलली आणि मान खाली घातली. त्यांचं उत्तर लोकांच्या हसण्यानेच देऊन टाकलं.

गिऱ्हाइकं परत आली. टेबलावर कपड्यांचा ढीग लागला. नाना आता कॉलर टोकांकडून मधे आणत.

"वा नाना," न्हावी हातातल्या आरशात वळून वळून बघत म्हणाला, "अगदी त्याच्यासारखी झाली बघा."

नानांनी पुढचा शर्ट ओढला. तो माणूस कोठडीत होता, आणि कौतुक तरीही त्याचंच होत होतं.

नानींनी टेबलावरचा एक शर्ट उचलून पाहिला. "हे कुठे शिकलात?"

नाना घडी घालत राहिले.

"अहो, मी विचारतेय. हे तुम्हाला येत नव्हतं."

त्यांनी सगळं सांगितलं. नानी रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचे कपडे गोळा केले, ज्याचे त्याला न करताच परत देऊन आल्या आणि म्हणाल्या, "चला, चपला घाला."

ठाण्यात साहेबांनी विचारलं, "तेव्हा का बोलला नाहीत?"

"लोक हसत होते," नाना म्हणाले.

तरुण सुटला, पण तोवर कोठडीत त्याचं उजवं मनगट मोडून टाकलेलं होतं. पुढे वखारवाल्याचा मेहुणा पकडला गेला. तो आमच्यातलाच, म्हणून त्याच्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. बोलले ते नानांना. "पलीकडच्यांचा साक्षीदार" हे नाव त्यांना कायमचं चिकटलं आणि गिऱ्हाइकं तुटली.

हात बरा झाला, वाकडा. तरुणाने पुन्हा तिथेच टेबल मांडलं. नानांशी तो एक शब्द बोलला नाही. नाना दोनदा रस्ता ओलांडून त्याच्यापाशी गेले. दोन्ही वेळा त्याने मान वर केली नाही. हळूहळू न्हावी त्याच्याकडे गेला, मग बाकीचेही.

एका सकाळी नाना रिकाम्या टेबलामागे बसून समोर टक लावून होते.

"आता काय बघताय?" नानींनी विचारलं.

"डाव्या हाताने करतोय मेला," नाना म्हणाले. "आणि तरी माझ्याहून सरळ."