साखरपुड्याऐवजी मस्कतला गेलेली डीव्हीडी

माझ्या साखरपुड्यानंतरचा रविवार... नाशिकला सिडकोतलं आमचं घर. डीव्हीडी घरच्या घरी करता येते, याचंच तेव्हा आम्हाला कोण अप्रूप!

ताई मस्कतला होती. सातवा महिना, डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं, म्हणून तिला साखरपुड्याला येता आलं नाही. बाबा जे रुसले ते रुसलेच... तिचा फोन आला की रिसीव्हर आईच्या हातात देऊन मोकळे. "बाबा आता माझ्याशी बोलणारच नाहीत का गं?" म्हणून ताई रडायची.

शेजारच्या काकूंचे जावई सोमवारी मस्कतला निघाले होते. त्यांच्याबरोबर बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, आणि साखरपुड्याची डीव्हीडी पाठवायचं ठरलं.

कॅमकॉर्डर मावसभावाचा, लॅपटॉप माझ्या ऑफिसचा. तासाभराची टेप लॅपटॉपवर घ्यायला तासभरच लागायचा. टेप कॅमेऱ्यात चालणार आणि वायरीतून चित्र लॅपटॉपमध्ये उतरणार... बिचारा लॅपटॉप अडकू नये म्हणून मी त्याच्यावर दिसणारं चित्रसुद्धा बंद करून ठेवलं होतं.

कॅमेरा टीव्हीवर ठेवला, सगळ्यांना दम दिला. "कोणी हात लावायचा नाही, मिक्सर लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही!" आणि मी खुशाल केस धुवायला गेले.

संध्याकाळी डीव्हीडी राइट झाली. बघायलाही वेळ नव्हता, काकू दारात उभ्याच होत्या.

दोन दिवसांनी ताईचा फोन. हसतेय की रडतेय, काही कळेना...

तर झालं असं होतं, की कॅमेऱ्याचं बटण मी टेपवर न ठेवता शूटिंगवर ठेवलं होतं. टेप चाललीच नाही. कॅमेऱ्यासमोर जे घडत होतं तेच लाइव्ह लॅपटॉपमध्ये गेलं... म्हणजे तासभर आमचा हॉल! आई मेथी निवडतेय, मी डोक्याला टॉवेल गुंडाळून फिरतेय. आणि दिवाणावर बसून बाबा एकेक बिबडी वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवतायत, तुटू नये म्हणून.

आईबाबा एकमेकांशी अहिराणीतच बोलायचे. माझ्या धाकाने दबक्या आवाजात आई विचारते, "तुमले तर राग शे ना तिनावर?"

बाबा मान वर न करता म्हणतात, "राग शे म्हणून काय पोरले उपाशी ठेवू?"... आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसतात.

ताईने हे पुन्हा पुन्हा लावून पाहिलं होतं. मला म्हणाली, "आईला नको, बाबांना दे फोन."

मी बाबांच्या कानाला रिसीव्हर लावून धरला, सुटकाच नव्हती. पलीकडून ताई म्हणाली, "बाबा, मला तुम्ही दिसलात."

"कुठे?" बाबा दचकलेच. मग रिसीव्हर हातात घेऊन खाली बसले... आणि खूप वेळ बोलत राहिले. तिचं खाणंपिणं, डॉक्टर, झोप, सगळं विचारून घेतलं. आई आणि मी दारात उभ्या राहून डोळे पुसत होतो.

साखरपुड्यात मी कशी दिसत होते, हे त्या दिवशी कोणीच विचारलं नाही. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.